बाबांच्या गाडीचा सेल्फ

माझ्या वडिलांची गाडी सुरू करायला चार माणसं लागायची. एक आत बसायला आणि तीन मागून ढकलायला. गाडीला चावी होती, बॅटरी होती, पेट्रोल होतं. पण सेल्फ मेला होता. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. ती रुसली की बाकी सगळं ठणठणीत असून गाडी जागची हलत नाही.

गाडी जुनी. मुंबईत टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं जी धावली त्याच जातीची, गोल दिव्यांची, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला असलेली. काशीदच्या अलीकडे, आमच्या कोळीवाड्याच्या वरच्या अंगाला एका मुंबईकर शेठचा बंगला होता. शेठचं येणं बंद झालं आणि गाडी तिथेच खाऱ्या वाऱ्यात सडत पडली. बाबांनी ती शेठकडून स्वस्तात उचलली. त्याच वर्षी त्यांनी आपली बोट विकली होती. आयुष्यभर बोटीचं मशीन सांभाळलेला माणूस; हात रिकामे राहिले तर वेडा होईल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. आईने मात्र गाडी दारात आली त्या दिवसापासून अबोला धरला आणि पहिल्यांदा अलिबागच्या बाजारात पुढच्या सीटवर बसून गेली तेव्हाच तो सोडला. आई जाऊन आता काही वर्षं झाली. बाबा एकटे राहतात.

मी त्यांची एकुलती लेक. पनवेलला असते, एका लॅबमध्ये रक्त तपासते. स्वभावाने मी उतावळी. चहा उकळेपर्यंत गॅससमोर उभं राहणं मला जमत नाही, लिफ्टची वाट बघण्यापेक्षा मी जिने चढते. पायाला भिंगरी लावून जन्माला आलीय, असं आई म्हणायची आणि नवरा अजून म्हणतो. आई गेल्यापासून त्या भिंगरीत बाबांची काळजी भरली. सकाळी उठल्यावर फोन, दुपारी फोन, त्यांनी उचलला नाही तर शेजारच्या काकीला फोन. काकी वैतागून म्हणायची, "अगं बाय, तुजा बापूस हाय, लहान पोर न्हाय."

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला एका सकाळी बाबांच्या छातीत भरून आलं. कोळीवाड्यातले सगळे पुरुष बोटींवर होते. काकीने दोन बायका गोळा केल्या आणि तिघींनी बाबांना आत बसवून गाडी ढकलली. ओल्या मातीत चाकं रुतली, गाडी दोन हात पुढे गेली आणि गुरगुरून थांबली. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. शेवटी एकीने रस्त्यावर पळत जाऊन रिक्षा आणली. ती येईपर्यंत बाबा ओट्यावर छातीला हात लावून बसले होते. अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, गोळ्या चुकवू नका, आणि पुढच्या वेळी इतका उशीर करू नका.

पुढच्या वेळी, हा शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. मी दवाखान्यातच जाहीर करून टाकलं की आता बाबा पनवेलला आमच्याकडे राहणार. मी ओरडले, रडले, नातवंडांची नावं पुढे केली. बाबा छताकडे बघत पडून होते. ते म्हणाले, "गाडी माझ्या हातान चालू झाली आसती तर मी माझा आलो आसतो ना हितं?"

"पण झाली नाही ना!"

"मंग आयक. तू सेल्फ घेऊन ये. आपन दोघा बसवू. चालू झाली तर मी गावाला ऱ्हानार, परत तू हा विषय काडायचा न्हाय. न्हाय झाली तर येतो तुझ्यासंगती. पिशवी भरून येतो."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. उतावळेपणाच तो. कबूल करून बाहेर आल्यावर लक्षात आलं की मी ज्या कामाला हात घालणार होते ते फसलं तरच माझं भलं होणार होतं.

तरी सेल्फ मी आणला. मुंबईत जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या बाजारातून नवऱ्याने तो शोधून काढला. नवा नव्हे, पण आतल्या तारेचं वायंडिंग नवीन, तिला करंट पोचवणारे ब्रश नवीन. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी मी तो गोणपाटात बांधून एसटीत मांडीवर घेऊन बसले. इतका जड की मांडीला मुंग्या आल्या. कंडक्टरने तिकीट देताना गोणपाटाला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, जंजिऱ्याची तोफ घेऊन चाललात का?" मला हसू आलं नाही. मी आख्ख्या प्रवासात एकच विचार करत होते, की हा सेल्फ आतून बिघडलेला निघाला तर किती बरं होईल. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटत होती.

बाबांनी सकाळपासून तयारी करून ठेवली होती. जॅक, दोन लाकडी ठोकळे, पान्यांचा डबा, जुनी लुंगी फाडून केलेली फडकी. मी चहाही न घेता बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले. आतलं सगळं निळं होतं. इंजिनाचा ठोकळा निळा, त्याचे पाय निळे, बाजूचे पत्रे निळे, बोल्टांची डोकीसुद्धा निळी.

"हे काय केलंत?"

"रंगवली," बाबा अभिमानाने म्हणाले. "नारली पुनवेला शेजाऱ्याची बोट रंगवली ना, तवा डबा उरलेला. दोन हात मारलं. आता खार काय लागतंय तिला."

आमच्याकडे हे सगळेच करतात. नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात जायच्या आधी किनाऱ्यावर रंगाचे डबे उघडतात आणि उरलेला रंग कुणी टाकून देत नाही. तो दाराला जातो, खिडकीच्या गजांना जातो, सायकलला, हातपंपाला, तुळशीच्या कठड्याला जातो. समुद्रकाठी लोखंड उघडं ठेवलं तर वर्षभरात पापुद्रे सुटतात, म्हणून ज्याला रंग नाही त्याला घरात किंमत नाही. आमच्या कोळीवाड्यात कुठल्या घराने कुठली बोट रंगवली हे दारं बघून सांगता येतं. तेव्हा बाबांनी गाडीच्या पोटात दोन हात मारले यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट मी म्हटलं, छान दिसतंय.

जुना सेल्फ काढायला दुपार झाली. बाबा वरून पाना धरायचे आणि मी खाली चटईवर आडवी होऊन बोल्ट सोडवायची. हे काम मला नवीन नव्हतं. आमच्यात बायका मासेमारीला समुद्रावर जात नाहीत, पण बोट किनाऱ्याला ओढलेली असली की लहानपणी बाबा मला मशीनच्या खोबणीत उतरवायचे, कारण माझे हात बारीक होते आणि भाऊ नव्हता. डिझेलचा वास, बाबांचं वरून "डावीकडं, डावीकडं" असं ओरडणं आणि माझं चिडणं, सगळं तसंच. फरक इतकाच की आता माझी कंबर बोलत होती. काकी मासे साफ करता करता ओट्यावरून सूचना देत होती, त्यातली एकही कामाची नव्हती.

जुन्या सेल्फच्या तोंडाशी असलेल्या छोट्या दातेरी चाकाचे दाते झिजलेले निघाले. मी ते बाबांना दाखवले. ते मान हलवून म्हणाले, "माझ्या दातांसारखं." नवा सेल्फ जागेवर चढवला, बोल्ट आवळले, जाड तार जोडली, बॅटरीच्या तारा लावल्या. बाबांनी हात धुतले, केस सारखे केले आणि गाडीत जाऊन बसले. त्यांनी चावी फिरवली.

टक्.

बस, एवढंच. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. इंजिन ढिम्म.

मला एकदम हायसं वाटलं आणि बाबांचा चेहरा बघितल्यावर ते तिथेच विरलं. ते म्हणाले, "बॅटरी उतरली आसंल." मी दिवे लावून बघितले. लख्ख. चावी फिरवली तरी दिवे मंद होत नव्हते. बॅटरीत दम नसला तर दिवे मान टाकतात, एवढं मला माहीत होतं. तरी एका रिक्षावाल्याला थांबवून त्याच्या बॅटरीची जोड देऊन बघितली. टक्. बाबांनी हातोडीच्या दांड्याने सेल्फला दोन टोले दिले, कधीकधी आतले ब्रश अडकतात म्हणून. टक्. मग मी तणतणत पुन्हा खाली शिरले, सगळे बोल्ट सोडवले आणि तो जड गोळा बाहेर काढून अंगणात ठेवला.

"आता मेलंय का जिवंत हाय ते बगू," बाबा म्हणाले. त्यांनी सेल्फवर पाय घट्ट रोवला. मी बॅटरीची एक तार त्याच्या अंगाला लावली आणि दुसरी वरच्या बोल्टला टेकवली. सेल्फने असा हिसका मारला की बाबांचा पाय उडाला, अंगणातली कोंबडी ओरडत पळाली आणि काकीच्या हातातली सुरी खाली पडली. चाक गरगर फिरत होतं. सेल्फ जिवंत होता. एसटीत बसून मी केलेली प्रार्थना फुकट गेली होती.

मग गाडीत का फिरत नाही? पुन्हा बसवला. पुन्हा टक्. उजेड गेला तेव्हा आम्ही दोघं घामाने आणि ग्रीसने माखलेले, एकाच बादलीत हात धूत होतो. जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "उद्याचा दिस हाय अजून." मला रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं, सोमवारी सकाळची पाळी होती.

रविवारी मी उठले तेव्हा बाबा आधीच गाडीपाशी होते. आम्ही चावीची वायर तपासली, सेल्फची जाड तार दोन्ही टोकांना घासली, फ्यूज बघितले. रस्त्यावरून काशीदला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग हॉर्न वाजवत होती आणि प्रत्येक हॉर्नला माझं डोकं अजून तापत होतं. एक पाना हातातून निसटला तो मी उचलून कुंपणापलीकडे भिरकावला आणि मग स्वतःच जाऊन शोधून आणला. बाबांनी तो पुसून डब्यात ठेवला. मी आत बसून रागारागाने चावी फिरवली आणि तशीच धरून ठेवली. टक् झालं, आणि मागोमाग जळका वास आला. थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या चोकच्या बटणातून बारीक धूर निघत होता. मी हात लावला आणि ओरडले. बटणापासून इंजिनापर्यंत जाणारी चोकची बारीक तार, जिचा करंटशी काही संबंध नाही, चटका बसण्याइतकी गरम झाली होती.

बाबा पाणी आणायला आत गेले. मी बोट तोंडात धरून बसून राहिले आणि मला एकदम सगळं समजलं. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत जायलाही वाट लागते. गाडीत त्यासाठी वेगळी तार नसते. इंजिनाचं लोखंड आणि गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. बोटीत तसं चालत नाही. बोट लाकडाची, लाकडातून करंट जाणार कसा? म्हणून तिथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला जायची एक तार आणि यायची एक. बाबांनी आयुष्यभर तेच केलं, मला तेच शिकवलं. रंगाच्या थरातून करंट जात नाही, लोखंड रंगवल्याने काही अडतं, ही कल्पनाच आमच्या घराण्यात नव्हती. त्यांनी सेल्फची बैठक रंगवली, इंजिन आणि पत्रा जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीची दोन्ही टोकं सोडवून खालचं लोखंड रंगवलं, पट्टीही रंगवली आणि सगळं पुन्हा नीट आवळून टाकलं. करंटला परत जायला वाट उरली नाही, म्हणून बिचारा त्या चोकच्या तारेतून घुसत होता.

पॉलिश पेपरचा एक तुकडा, तेवढंच काम होतं.

बाबा तांब्या घेऊन आले. मी बोट पाण्यात बुडवलं. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, शॉर्ट आहे कुठेतरी." आणि चप्पल घालून किनाऱ्याकडे चालू लागले.

बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. मी त्यांच्या रांगांमधून या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, परत आले. मला काही बोलायची गरजच नव्हती. संध्याकाळची गाडी, बाबा शेजारच्या सीटवर, आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्यांवर मोठा दवाखाना. मला झोप लागेल. फोन उचलला नाही म्हणून काकीला फोन लावावा लागणार नाही. शिवाय मी खोटं कुठे बोलणार होते? गाडी चालू झाली नाही, हे तर सगळ्या कोळीवाड्याने बघितलं होतं. मी स्वतःला पटवत होते, आणि पटत नाही म्हणून चालण्याचा वेग वाढवत होते. समोरून येणाऱ्या काकीने विचारलं, "कुनाच्या मागं लागलीस गं?" मी तशीच पुढे निघून गेले.

घरी परतले तेव्हा बॉनेट बंद होतं. बाबा आत खाटेवर पिशवी भरत होते. दोन लुंग्या, चष्म्याचं घर, गोळ्यांचं पाकीट, आणि माझ्यासाठी डब्यात सुका जवला. न रागावता, न कुरकुरता. त्यांनी शब्द दिला होता, तो ते पाळत होते. मला बघून म्हणाले, "कोंबड्या काकीला सांगितल्यात. गाडीवर ताडपत्री टाकू जाताना."

मी दारातच उभी राहिले.

"तुमची ती बालकनी हाय ना," त्यांनी लुंगीची घडी घालत विचारलं, "तिच्यातून काय दिसतंय?"

"समोरची बिल्डिंग."

"आनि मागच्या खिरकीतून?"

"मागची बिल्डिंग, बाबा."

"बरा," ते म्हणाले. "बरा हाय. वारा तरी लागंल."

मला त्यांचा इतका राग आला! एकदा तरी म्हणायचं होतं, येत नाही जा. मी भांडले असते, जिंकले असते. पण ते नुसते डब्याचं झाकण दाबून बसवत होते आणि ते नीट बसत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "पॉलिश पेपर आहे का घरात?"

ते झाकण हातात धरून वळले. मी सांगितलं. सांगताना माझा आवाज चिडलेलाच होता, जणू त्यांनीच मला सांगायला भाग पाडलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे गाडीच्या अंगातूनच मागं जातंय?" आणि मग खाटेवरून उठून गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर हात फिरवत. "आनि मी तिला दोन हात मारलं," ते म्हणाले आणि इतके हसले की त्यांना खोकला आला. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः चटईवर आडवी झाले. निळा रंग चिवट होता. बोटीचा रंग, समुद्राला दाद न देणारा, तो पॉलिश पेपरला काय जुमानणार? मी पाटा घासल्यासारखी घासत राहिले. सेल्फची बैठक, बोल्टांच्या खालची जागा, अर्थिंगच्या पट्टीची दोन्ही टोकं. खालून पांढरं लोखंड चमकायला लागलं तेव्हा पुन्हा सगळं आवळलं आणि वरून ग्रीस लावलं, खार लागू नये म्हणून.

या वेळी बाबांनी हात धुतले नाहीत. तसेच आत बसले. चावी फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

काकीने टाळ्या वाजवल्या. बाबा स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. मग त्यांनी गाडी बंद केली, घरात गेले आणि पिशवीतल्या वस्तू एकेक करून जागच्या जागी ठेवायला लागले. जवल्याचा डबा तेवढा माझ्या हातात दिला. जुना सेल्फ मी गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ढकलला. दाते झिजले असले तरी तोही कदाचित चालला असता, पण ते तपासून बघायची मला अजिबात इच्छा नव्हती.

पनवेलला पोहोचले तेव्हा नवऱ्याने माझ्यामागे पाहिलं. "बाबा कुठे?"

"गाडी सुरू झाली," मी म्हटलं.

तो एवढंच म्हणाला, "तुझं कौतुक करू की तुला शिव्या देऊ?" मलाही तेच कळत नव्हतं. शब्दाप्रमाणे मी तो विषय पुन्हा काढला नाही, पण त्यानंतरच्या दिवसांत मी कुणाशी धड बोलले नाही. लॅबमध्ये एकदा दोन नमुन्यांची लेबलं उलटी लावली होती, ती वेळीच लक्षात आली म्हणून बरं. बाबा फोनवर खुशीत असायचे. आज चौलला देवदर्शनाला गेलो, आज रेवदंड्याला जाऊन सुरमई आणली, काकीला तिच्या लेकीकडे सोडून आलो. मी हं हं करायची आणि मनात म्हणायची, हे मी केलं. काही झालं तर हेही मीच केलेलं असणार.

आणि एका सकाळी ते झालं. मी लॅबमध्ये वापरलेल्या सुया मोडून टाकत होते, तेव्हा माझा फोन वाजला. पलीकडून एका नर्सने आधी माझं नाव विचारलं आणि मग म्हणाली, वडील बोलतायत.

"आलो गं माझा मी," बाबा म्हणाले. आवाज बारीक होता. "डाक्टरनी झोपवलंय. तू घाबरू नको."

छातीत दुखायला लागल्यावर ते उठले होते, दाराला कडी घातली होती आणि गाडी काढून अलिबागला आले होते. एका हाताने चालवत. वाटेत दोनदा बाजूला थांबून. मी तिथे पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात त्या रस्त्यावरची सगळी वळणं फिरत होती.

ते पडून होते, नाकाला नळी लावलेली. डॉक्टरांनी सांगितलं की धोका टळलाय, वेळेत आले. मी मान डोलावली, डॉक्टर गेले आणि मी बाबांवर तुटून पडले. शेजारी हाक का नाही मारली? रस्त्यातच काही झालं असतं तर? मला फोन का नाही केला?

"केला आसता," बाबा म्हणाले. "मंग तू निघाली आसतीस. काकी रिक्षा आनायला धावली आसती. आनि मी आपला ओट्यावर बसून वाट बगत. मागच्या टायमाला तसाच बसलेलो ना बाय. दुखन्याची काय भीती न्हाय वाटली तवा. त्या बसन्याची वाटली."

त्यांनी उशीखालून चावी काढली. "गाडी खाली हाय, उन्हात. जरा सावलीत लाव."

मी खाली गेले. गाडी आवाराच्या कडेला वाकडीतिकडी उभी होती, ड्रायव्हरच्या बाजूचं दार धड लागलेलं नव्हतं. मी आत बसले. त्या सीटवर बसून माझ्या मनात पहिल्यांदा आला तो आमचा पनवेलचा फ्लॅट, त्या सकाळच्या वेळी. मी लॅबमध्ये. नवरा कामावर. मुलं कॉलेजात. दार आतून बंद, शेजाऱ्यांचंही बंद, खाली वॉचमन. आणि बाबा त्या बाल्कनीत खुर्चीवर, छातीला हात लावून, समोरच्या बिल्डिंगकडे बघत, आमच्यापैकी कुणी तरी परत येण्याची वाट बघत.

मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. मी ती सावलीत नेऊन लावली आणि बाबांजवळ जायला निघाले.